मन बसत नाही, तरी बसावं



कीर्तन संपतं, आरती होते, बुक्का लागतो, माणसं घराकडं वळतात. तरी दोन-चार जण मंडपाच्या खांबाशी रेंगाळत राहतात. गर्दी हटली की जवळ येतात आणि हळू आवाजात विचारतात. ढाणकीला असो, उमरखेडला असो, बिटरगावला असो, प्रश्न तोच. "महाराज, ध्यानाला बसावं म्हणतो, पण डोळे मिटले का मन चौखूर उधळते. सोसायटीचं कर्ज आठवते, पोरीचं लग्न आठवते, कापसावरची बोंडअळी आठवते. काय करावं?" आणि जरा वेळ गेला की त्याच्याही खालचं बोलणं वर येतं. "खरं सांगू का महाराज, हे करून काही होते, याचाच भरोसा वाटत नाही."

ही दोन दुखणी आहेत. एक चंचलपणाचं, दुसरं संशयाचं. बहुतेकांची समजूत अशी, की आधी ही दुखणी बरी व्हावीत. मन जरा निवांत व्हावं, श्रद्धा बसावी, संसाराची ओढाताण कमी व्हावी, मग आपण ध्यानाला बसू. मायबाप हो, या निरूपणात मला एवढंच सांगायचं आहे, की हा क्रम उलटा धरलेला आहे. निवांत झालेल्या माणसाला ध्यानाची गरज काय? ताप उतरल्यावर औषध घ्यायला कोणी निघतं का? मन पळतं म्हणूनच बसायचं. संशय आहे, तर त्यालाही शेजारी घेऊन बसायचं.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. भगवद्गीतेचा सहावा अध्याय उघडा. सत्तेचाळीस श्लोकांचा हा अध्याय, ध्यानाचाच आहे. त्यात भगवंत आसन कसं असावं ते सांगतात. फार उंच नको, फार बुटकं नको. खाणं बेताचं असावं. ज्याला खादाडपणा आहे त्याला हे साधत नाही, आणि जो उपाशी मरतो त्यालाही साधत नाही. फार झोपणारा आणि फार जागणारा, दोघेही बाद. हे सगळं ऐकून घेतल्यावर अर्जुन काय म्हणतो? तो म्हणतो, देवा, तुम्ही सांगता ते ठीक आहे, पण हे मन म्हणजे वाऱ्याची मोट बांधण्यासारखं काम. ते मला जमेलसं वाटत नाही.

बघा बरं, हे कोण म्हणतो? पोपटाचा डोळा वेधताना ज्याला दुसरं काही दिसलं नाही, तो अर्जुन म्हणतो. बाण मारताना ज्याची एकाग्रता तिन्ही लोकांत गाजली, तोच मनापुढं हात टेकतो. मग आपण दिवसभर वावरात राबून, बाजार करून, बँकेत रांग लावून घरी आलो, डोळे मिटले आणि मन पळालं, तर त्यात लाजायचं काय आहे?

आणि भगवंतांचं उत्तर तर त्याहून गोड आहे. ते अर्जुनाला रागवत नाहीत. तू असा कसा, तुझी श्रद्धा कमी, असं म्हणत नाहीत. आधी ते कबूल करतात, की बाबा रे, तुझं खरं आहे, मन आवरायला अवघडच. देवानंच कबूल केलं! मग सांगतात, पण अभ्यासानं आणि वैराग्यानं ते हाती येतं. आता अभ्यास म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांनी आठ-नऊ श्लोक आधीच सांगून ठेवलं आहे. अर्जुनाचा संशय येतो तेहतिसाव्या-चौतिसाव्या श्लोकात. उत्तर सव्विसाव्यात होऊन गेलं आहे. मन जिथं जिथं बाहेर जाईल, तिथून तिथून त्याला परत आणायचं. एवढाच अभ्यास.

इथं जरा थांबा. मन बाहेर जाऊच नये, असं त्यात म्हटलेलं नाही. ते जाणार, हे धरूनच सांगितलेलं आहे. गेलं की आणायचं. पुन्हा गेलं की पुन्हा आणायचं. म्हणजे एका माळेत तुमचं मन पन्नास वेळा पळालं आणि पन्नास वेळा तुम्ही ते माघारी आणलं, तर तुमचा अभ्यास पन्नास वेळा झाला! तुम्ही मात्र उठताना म्हणता, आज काही जमलं नाही. अहो, जमलं की! ते परत आणणं हेच तर काम होतं.

आपल्याकडं कपाशीत तण होतं. डवरा हाणला, निंदण केलं, आठ-पंधरा दिवसांत पाऊस पडला की पुन्हा हिरवं दिसतंच. तेव्हा कोणी म्हणतं का, की हे वावरच नालायक, सोडून द्या? उलट आपण म्हणतो, जमीन जिवंत आहे, तण येणारच, चला डवरणीला. मनाच्या बाबतीत मात्र पहिलं तण दिसलं की आपण धुऱ्यावर बसून रडतो. असं करू नये.

ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला गीतेवर टीका सांगितली. अर्जुनाच्या या प्रश्नापाशी आल्यावर माउली मनाची फार मोठी मौज सांगतात. मनाला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण माउलींना त्यात एक चांगला गुण दिसला. तो असा, की मनाला एकदा कुठली गोडी लागली, की ते त्या जागेला चटावतं. मग त्याला तिथं कोणी न्यावं लागत नाही. गुरांचं बघा ना. एखादी गाय एकदा दुसऱ्याच्या ज्वारीत शिरली, तिला चव कळली, की दुसऱ्या दिवशी सोडल्यासोडल्या तीच वाट धरते. आपण म्हणतो, जनावर चटावलं. माउलींचं म्हणणं असं, की हीच खोड कामाला लावा. मनाला आतल्या सुखाची थोडी चव दाखवा, मग ते त्याच वाटेनं पळेल. ज्या गुणानं ते तुम्हाला छळतं, त्याच गुणानं ते तुम्हाला तारणार आहे.

पण चव लागायच्या आधीचे दिवस असतात ना, ते नवशिक्याला अवघड जातात. तेव्हा काय धरायचं? आपल्या वारकरी वाटेनं त्यासाठी नाम दिलं आहे. रिकाम्या मनाला नुसतं "स्थिर हो" म्हटलं तर ते होत नाही. त्याला धरायला काहीतरी लागतं. नाम म्हणजे खुंटा. खुंट्याला बांधलेलं वासरू पहिल्या दिवशी किती ओढ घेतं! दाव्याच्या टोकापर्यंत पळतं, गोल फिरतं, हंबरतं. धनी काही त्याला मारत नाही. खुंटा मात्र हलू देत नाही. चार दिवसांनी तेच वासरू खुंट्यापाशी बसून रवंथ करतं. ओढ घेणं वासराचं काम, खुंटा पक्का ठेवणं आपलं काम.

आता संशयाकडं वळू. काही जण म्हणतील, चंचलपणाचं पटलं, पण "हे करून काही होतं का", त्याचं काय?

संशय पाप आहे असं मी म्हणणार नाही. पतंजली मुनींनी योगाच्या वाटेवरची नऊ विघ्नं मोजली आहेत. आजारपण आहे, आळस आहे, आणि त्यातच संशयाचंही नाव आहे. विघ्नांच्या यादीत नाव आहे, याचा अर्थच असा, की जे जे या वाटेनं गेले त्यांना तो भेटला. जो घरातून निघालाच नाही, त्याला वाटेतला काटा कुठून लागणार?

आणि आपल्याला फार दूर जायला नको. आपल्याच मुलखातली गोष्ट आहे. गोंदवल्याचे श्रीब्रह्मचैतन्य महाराज सगळ्यांना ठाऊक आहेत. सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात गोंदवले, तिथं १८४५ साली त्यांचा जन्म झाला. घरचं नाव गणपती, गणू म्हणत. या गणूनं लहान वयात घर सोडलं, गुरूच्या शोधात. गावोगाव फिरला, थोर थोर सत्पुरुषांना भेटला. कुठं समाधान होईना. आणि शेवटी तो कुठं आला? आपल्या पैनगंगेच्या पलीकडं, हिंगोली जिल्ह्यात येहळेगाव आहे, तिथं तुकामाई नावाचे अवलिया सत्पुरुष होते, त्यांच्यापाशी. आणि या तुकामाईंचे गुरू कोण? आपल्या उमरखेडचे चिन्मयानंद. सातारा जिल्ह्यातलं पोर जे शोधत इतकी पायपीट करत आलं, ते आपल्या तालुक्याच्या अंगणात होतं, मायबाप! आपण उमरखेडच्या बाजाराला जातो, तहसिलीत जातो, पण हे आठवत नाही.

तुकामाईंनी गणूला लगेच जवळ घेतलं नाही. चरित्रात वाचा. त्यांनी त्याची फार कडक परीक्षा घेतली. काम करून घेतलं, बोलणी खायला लावली. लोक म्हणत, हा वेडा आहे, याच्यामागं कशाला लागतोस? एखादा असता तर दुसऱ्या दिवशी निघून गेला असता. गणू टिकला. कित्येक महिन्यांनी अनुग्रह झाला, ब्रह्मचैतन्य हे नाव मिळालं. पुढं १९१३ साली देह ठेवीपर्यंत या पुरुषानं एकच गोष्ट सांगितली, रामनाम घ्या. प्रपंच न सोडता घ्या.

त्यांच्याकडं येणारे लोक कसे होते? तुमच्या-आमच्यासारखेच. कोणाला कर्ज, कोणाला पोटदुखी, कोणाच्या घरात भाऊबंदकी. त्यांची प्रवचनं पुस्तकरूपानं छापली आहेत, वर्षाच्या एकेका दिवसाला एकेक. ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. लोक येऊन म्हणतात, नाम घेतो पण मन लागत नाही. आणि महाराजांच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की मन लागत नसलं तरी नाम सोडू नका. आधी मन लागेल आणि मग नाम येईल अशी वाट बघू नका. नाम धरा, मन मागाहून येतं. तसंच संशयाचं. संशय गेल्यावर नाम घेऊ म्हणाल तर तो दिवस उगवायचा नाही. नाम घेता घेता संशय विरतो.

एक साधा विचार करा. पेरणी करताना तुम्हाला पिकाची खात्री असते का? पाऊस कसा पडेल, भाव काय मिळेल, कोणी सांगू शकतं? तरी मृग लागला की तुम्ही बियाणं जमिनीत टाकता. खात्री नसताना काम करण्यात आपल्या शेतकऱ्याइतका तयार माणूस जगात नाही. मग वावरात जेवढा भरोसा ठेवता, तेवढाच नामावर ठेवा. जास्त मी मागत नाही. चार महिन्यांपुरता ठेवा. आषाढीला सुरू करा, कार्तिकीला हिशेब करा. मध्ये मात्र रोज उकरून बघू नका, की बी उगवलं का. उकरलेलं बी उगवत नसतं.

तुकोबांचं उदाहरण घ्या. आपल्याला वाटतं, तुकाराम महाराज म्हणजे जन्मापासून शांत, भंडाऱ्यावर बसले आणि विठ्ठल भेटला. तसं नाही हो. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. वाण्याचा धंदा बुडाला, दिवाळं निघालं, गुरंढोरं गेली. बायको अन्न अन्न करत गेली, मुलगा गेला. लोकांत मान राहिला नाही. असं सगळं घर कोसळलेलं असताना हा माणूस देहूजवळच्या डोंगरांवर जाऊन बसायला लागला. भामचंद्रावर बसला, भंडाऱ्यावर बसला. मन शांत झालं म्हणून नव्हे, मन फाटलं होतं म्हणून बसला. आणि गाथा चाळून बघा, किती अभंगांत तुकोबा देवापाशी गाऱ्हाणं करतात, की हे मन माझं ऐकत नाही, धावतं, मला आवर. ज्यांच्या नावानं आपण टाळ वाजवतो त्यांनी हे गाऱ्हाणं चारचौघांत गायलं. मग तुम्ही कशाला झाकून ठेवता?

आता प्रत्यक्ष कसं बसायचं, ते सांगतो. नवीन माणसानं करण्यासारखं, आणि उद्या सकाळपासून करण्यासारखं.

पहिली गोष्ट वेळ. एकच वेळ धरा आणि ती आधीच्या एखाद्या रोजच्या कामाला बांधा. तोंड धुतलं की चहाच्या आधी. किंवा संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की लगेच. "सवड मिळाली की बसू" म्हटलं की सवड मिळत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. खिशात बंद करून ठेवला तरी मन खिशात जातं.

दुसरी गोष्ट जागा. रोज तीच जागा. घोंगडी टाका, पोतं टाका, चालेल. मांडी घालवत नसेल, गुडघे दुखत असतील, तर खुर्चीवर बसा. पाठ सरळ असली म्हणजे झालं. देव गुडघे मोजत नाही.

तिसरी गोष्ट प्रमाण. इथं नवशिके फसतात. पहिल्या दिवशी उत्साहात अकरा माळा, तिसऱ्या दिवशी पाच, आठव्या दिवशी माळ खुंटीला. तसं करू नका. एकच माळ. एकशेआठ मणी. सावकाश नाम घेतलं तरी पाच-सात मिनिटांत होते. कमी वाटलं तरी कमीच ठेवा. दुसऱ्या वाटांचे जाणते लोकही हेच करतात. इगतपुरीला विपश्यनेचं मोठं केंद्र आहे, दहा दिवसांचं शिबिर असतं. तिथंही पहिले तीन दिवस काय शिकवतात? नुसता येणारा-जाणारा श्वास बघायला. तीन दिवस एवढंच! लहान गोष्ट नीट करणं हीच सुरुवात, मग वाट कोणतीही असो.

चौथी गोष्ट नाम कसं घ्यायचं. जपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोठ्यानं म्हणायचा तो वाचिक, ओठ हलतात पण शेजाऱ्याला ऐकू येत नाही तो उपांशु, आणि मनातल्या मनात तो मानस. शास्त्रात मानस जप वरचा मानला आहे, पण नवीन माणसानं तिथून सुरू करू नये. पहिले काही दिवस स्वतःच्या कानाला ऐकू येईल असं म्हणा. जीभ कामाला लागली, कान कामाला लागला, बोट मण्यावर आहे, म्हणजे तीन इंद्रियं तरी घरात बसली. मन एकटं किती वेळ बाहेर फिरेल? आणि माळेची एक गंमत आहे. मन सगळ्या पंचक्रोशीत हिंडून आलं तरी बोट मणी ओढतच असतं. शेवटी मेरुमणी बोटाला लागतो, तेव्हा मनाला कळतं, अरे, मी गेलो होतो. ते कळणं फार मोलाचं आहे. मेरुमणी ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलटी घ्यायची, तसं मनालाही तिथून फिरवून घ्यायचं.

पाचवी गोष्ट, विचार आला तर. तो हाकलू नका आणि त्याच्यामागं जाऊ पण नका. पावसाळ्यात आपण सहस्रकुंडाला जातो. पैनगंगा कशी कोसळते! ती थांबवायला कोणी धारेत उतरतं का? आणि वाहून जायला उडी मारतं का? खडकावर उभं राहून बघतो. तसं विचाराचं पाणी जाऊ द्यायचं, आपण नामाच्या खडकावर पाय ठेवायचा. कर्जाचा विचार आला तर तो खोटा नाही, कर्ज आहेच. त्याला एवढंच म्हणा, बाबा, पाच मिनिटं थांब, माळ झाली की तुझ्याशीच बोलायचं आहे. स्वतःला शिव्या देऊ नका. मन परत आणताना त्याला झोडपलं तर घरी यायलाच ते भिईल.

सहावी गोष्ट झोप. डोळे मिटले की कित्येकांना डुलकी लागते. दिवसभर अंग मोडून काम केलेल्याला झोप येणारच, त्यात पाप नाही. डोळे अर्धे उघडे ठेवा, नाम मोठ्यानं घ्या, नाहीतर उभं राहून घ्या. तरी झोप आवरत नसेल तर वेळ सकाळची करा.

सातवी, एखादा दिवस चुकला तर. घरात कोणी आजारी पडलं, रातपाळीचं ओलित आलं, राहून गेलं. दुसऱ्या दिवशी दोन माळा करून भरपाई करू नका, आणि "आता मोडलाच नेम" म्हणून सोडूही नका. एक माळ. जसं काही झालंच नाही. सहाव्या अध्यायात अर्जुनाची हीसुद्धा भीती आहे. तो विचारतो, अर्ध्या वाटेवर थांबला त्याचं काय, फाटलेल्या ढगासारखा तो इकडचा ना तिकडचा होतो का? भगवंत त्याला धीर देतात, की चांगलं काम करणाऱ्याची कधी दुर्गती होत नाही. केलेली एक माळही फुकट जात नाही.

आणि आठवी गोष्ट सोबत. नवा गोऱ्हा औताला शिकवताना आपण काय करतो? दोन नवे गोऱ्हे एकत्र जुंपत नाही. एका बाजूला जुना, शिकलेला बैल असतो. त्याच्या चालीनं नवा शिकतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी हे ओळखलं होतं. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा हा पुरुष. त्यांनी मोझरीला १९३५ साली गुरुकुंज उभारला आणि खेड्यापाड्यातल्या माणसाला एकत्र बसवलं. पहाटे सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. शिकलेला-अडाणी, सगळ्या जातीचा, एकाच सतरंजीवर. आपल्या विदर्भात अजून कितीतरी गावांत ती प्रार्थना चालते. एकट्याला जमत नसेल तर तिथं जाऊन बसा. देवळातल्या हरिपाठाला बसा. दहा जणांत आपलं मन पळालं तरी नऊ जणांच्या आवाजानं ते माघारी येतं.

आता एक गोष्ट पोटतिडकीनं सांगायची आहे, ती नीट वाचा. आपल्या जिल्ह्यानं फार सोसलं आहे. पाऊस दगा देतो, भाव पडतो, आणि घरातला कर्ता माणूस हळूहळू बोलेनासा होतो. रात्र रात्र झोप नाही, जेवण नको, जगणं नको असे विचार. मायबाप हो, हे नुसतं मनाचं चांचल्य नाही, हा आजार आहे. अशा माणसाला "नाम घे, सगळं ठीक होईल" म्हणून एकटं सोडू नका. त्याच्याशेजारी बसा, घरच्यांना सांगा, त्याला सरकारी दवाखान्यात डॉक्टरकडं न्या. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. दिवसा-रात्री केव्हाही फोन लागतो, पैसा पडत नाही, मराठीत बोलता येतं. नाम सोबतीला असू द्या, औषधही घ्या. ताप आल्यावर आपण देवाला नारळ बोलतो आणि गोळीही घेतो ना? तसंच हे. आणि हा परिच्छेद वाचताना ज्याला वाटलं, की हे माझंच लिहिलं आहे, त्यानं पुस्तक मिटावं आणि आधी कोणाशी तरी बोलावं. माळ नंतर.

राहिला हिशेबाचा प्रश्न. कार्तिकीला काय बघायचं? डोळ्यांपुढं उजेड दिसला का, कानात घंटा वाजली का, हे बघू नका. दिसलं तरी त्यात अडकू नका, नाही दिसलं तरी खंत करू नका. तीन साध्या गोष्टी बघा. पहिली, राग येतो का? येणारच. पण पूर्वी दोन दिवस टिकायचा तो आता दोन तासांत उतरतो का? दुसरी, वाईट बातमी आली की तोंडातून पहिला शब्द शिवी निघते की नाम? तिसरी, बायकोला विचारा, नवऱ्याला विचारा, पोरांना विचारा, मी काही बदललो का? आपल्याला स्वतःचं कळत नाही, घरच्यांना बरोबर कळतं. त्यांच्या डोळ्यांत जे दिसेल तेच तुमचं प्रमाणपत्र.

आणि समजा, चार महिन्यांनी काहीच फरक वाटला नाही? तरी तुमचं काय गेलं? रोजची पाच-सात मिनिटं. तेवढा वेळ तर आपण पानटपरीवर दुसऱ्याची निंदा ऐकण्यात घालवतो. पण मला एवढं ठाऊक आहे, की जो चार महिने रोज बसला, तो हा प्रश्न विचारायला मंडपाच्या खांबाशी थांबत नाही. त्याला माळेची घाई झालेली असते.

तेव्हा मायबाप हो, मन शांत व्हायची वाट पाहू नका, संशय फिटायची वाट पाहू नका, चांगला मुहूर्त तर शोधूच नका. उद्या तोंड धुतलं की चहाच्या आधी घोंगडी टाका. पळणारं मन, पिंजलेलं डोकं, भरोसा नसलेलं काळीज, आहे तसं सगळं घेऊन बसा. विठोबा विटेवर अठ्ठावीस युगं उभा आहे. आपल्याला पाच मिनिटं बसायचं आहे.

राम कृष्ण हरी!